फेटा, पागोटं, दस्तार : डोक्याला नेमकं काय बांधतो आपण?

गोदाकाठ

परवा भाचीच्या लग्नात एक प्रसंग घडला. तो मनातून जात नाही म्हणून हा धागा काढतोय. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

लग्न पुण्यात होतं. कार्यालयाच्या दारातच फेटे बांधणारी तीन पोरं बसलेली. येईल त्या पुरुषाला खुर्चीवर बसवायचं, मिनिटभरात भगवा फेटा गुंडाळायचा की पुढचा. आमच्या नांदेडच्या घराशेजारचे सरदारजी काका या लग्नासाठी मुद्दाम आले होते. वय ७४. माझे वडील आणि ते चाळीस वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिले. काकांच्या डोक्यावर नेहमीची गडद निळी दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, होती. माझ्या मावसभावाने त्यांना हौसेने खुर्चीवर बसवलं आणि त्या पोराला म्हणाला, "ही काढ आणि आपला फेटा बांध. फोटोत सगळे एकसारखे दिसले पाहिजेत." पोराने दोन्ही हात दस्तारीला लावलेसुद्धा.

काकांनी त्याची मनगटं धरली. जोरात नाही, लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तशी. म्हणाले, "बेटा, ही नाही निघत." मग त्याच्या हातातलं भगवं कापड स्वतःकडे घेतलं, कपाळाला लावलं, घडी केली आणि मांडीवर ठेवून पूर्ण लग्नभर बसले. पंगतीतसुद्धा ते कापड त्यांच्या मांडीवरच होतं.

मी दहा पावलांवर अक्षतांचं ताट घेऊन उभा होतो. पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं. मावसभाऊ मनाने वाईट नाही, त्याला खरोखर मानच द्यायचा होता. पण एक मान देण्यासाठी दुसरा मान डोक्यावरून उतरवायला निघालो, हे आमच्यातल्या एकालाही कळलं नाही. मला कळायला हवं होतं, कारण मी त्या दस्तारीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून मोठा झालोय.

हे मी अगदी शब्दशः सांगतोय. काकांचा मुलगा होस्टेलला गेला तेव्हा मी पाचवीत होतो. सकाळी सहा-सव्वासहाला भिंतीपलीकडून हाक यायची, "अरे बाळा, पूणी!" पूणी म्हणजे दस्तार बांधण्याआधी कापड लांबीतून दुमडून घेणं. पाच-सहा मीटर मलमल, जराशी ओलसर. एक टोक काका धरायचे, दुसरं टोक मी. दोघांनी दोन्ही काठ ओढून ताणायचे, मग झटका द्यायचा, कापड फट्कन वाजायचं आणि चेहऱ्यावर थंड तुषार उडायचे. मग दुमड, परत ताण, परत दुमड. शेवटी चार बोटं रुंदीची सरळ पट्टी तयार व्हायची. ती घेऊन काका तुळशीशेजारी भिंतीवर टांगलेल्या आरशासमोर उभे राहायचे (तुळस आमची, आरसा त्यांचा, अंगण दोघांचं). एक टोक दातात धरायचं आणि एकेक लड कपाळावरून तिरकी चढवत न्यायची. शेवटी सळईने, ते तिला सलाई म्हणायचे, कानामागचे केस आत सारायचे. या सगळ्या वेळात ते पुटपुटत पाठ म्हणत. मध्ये कोणी बोललं तर उत्तर देत नसत.

मागच्या वर्षी वडील गेले. तेराव्याला मामाने फेटा आणला, पाटावर बसवून चार लोकांदेखत माझ्या डोक्याला बांधला. आयुष्यात पहिल्यांदा मी फेटा बांधला तो तेव्हा. लोक निघून गेल्यावर काका जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "आमच्याकडं पण असंच. रस्म-पगडी म्हणतो आम्ही. बाप गेला की थोरल्याला बांधतात. आता घर तुझ्या डोक्यावर."

त्या दिवसापासून एक गोष्ट सारखी वाटते. आपल्याकडे फेटा दुसरं कोणीतरी बांधतं. लग्नात, सत्काराला, तेराव्याला. तो मान असतो, मिळालेला, आणि संध्याकाळी उतरतो. काकांची दस्तार त्यांना कोणी देत नाही, ते रोज सकाळी स्वतः बांधतात. तो नेम आहे. मान आणि नेम यांतला हा फरक लक्षात न आल्यामुळेच लग्नात तसं झालं, असं माझं मत झालंय.

तुमच्याकडे काय रीत आहे, काय पाहिलंय, लिहा. चुकत असेन तर सांगा.

निंबोणी

वाचून गलबलून आलं. ते कापड मांडीवर ठेवून बसलेले काका डोळ्यांसमोर दिसतायत.

जोतिबाचा_गुलाल

मी कोल्हापूरकडचा. फेटे बांधणं हा आमच्या घरचा धंदा, त्यामुळं त्या पोरांच्या बाजूनं आधी दोन शब्द. लगीनसराईत एका दिवसात दोनशे-अडीचशे डोकी होतात. बोटांची सालं निघतात. समोर कोण बसलंय हे बघायला वेळच नसतो. तरी पण चूक ती चूकच. माझ्या वडलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, डोक्याला हात लावायच्या आधी "लावू का?" म्हणून विचारायचं. म्हातारा असो, पोरगं असो.

पण तुमचा मान आणि नेमाचा मुद्दा मला अर्धाच पटला. आपल्याकडं फेटा दुसरा बांधतो, हे आत्ताचं झालं. माझा आजा रोज स्वतः बांधायचा. पहाटे धार काढायला जायच्या आधी. आठ-नऊ मीटरचं कापड, आरसा नाही, काही नाही. टोक दातात, पीळ देत देत डोक्याभोवती, वर तुरा, मागं शेमला, झालं. बोडक्या डोक्यानं तो कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. बोडकं डोकं म्हणजे घरात कोणीतरी गेलंय असं समजायचे लोक.

आणि त्याच फेट्यात त्याचं सगळं चालायचं. विहिरीवर दोर कमी पडला की फेटा जोडायचा. भाकरी बांधून न्यायची तर फेट्यात. बांधावर आडवा झाला की उशाला फेटा. एकदा बैलानं शिंग मारलं तर रक्त थांबवायला फेटाच गुंडाळला, तसाच दवाखान्यात गेला. म्हणजे आमच्यातही नेम होताच. आपण तो सोडला आणि फक्त मान ठेवला.

आता तर शिवलेले तयार फेटे आलेत, टोपीसारखे घालायचे नि काढायचे. आम्हीही ठेवतो, गिऱ्हाईक मागतं. पण त्याला बांधणं म्हणत नाहीत.

गोदाकाठ

गुलालभाऊ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझे पणजोबा पागोटं घालायचे हे फोटोत पाहिलंय, पण ते रोज कसं बांधत असतील हा विचार कधी केला नाही. तुमची दुरुस्ती मान्य.

सरळमार्गी

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. पागोट्याचं इतकं गुणगान करताना आपण एक विसरतोय की डोक्यावरच्या कापडावरून माणसाची जात ओळखायची, हीच त्याची आपल्याकडची मुख्य उपयुक्तता होती. ब्राह्मणाची पगडी वेगळी, कुणब्याचं मुंडासं वेगळं, सोनाराचं वेगळं, धनगराचं वेगळं. लांबून डोकं दिसलं की समोरच्याशी किती वाकून बोलायचं हे ठरायचं. आणि ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवलं त्यांनी चांगलं पागोटं बांधलं तर तो गुन्हा. आजही उत्तरेकडे दलित नवरदेवाने साफा बांधून घोड्यावर बसू नये म्हणून दगडफेक झाल्याच्या बातम्या येतात.

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. मग २०१८ साली शरद पवारांनी पुण्यात सांगितलं की यापुढे सत्काराला पुणेरी पगडी नको, महात्मा फुल्यांची पगडी वापरा. त्यावर किती वाद झाला आठवा. नुसत्या कापडाचा प्रश्न असता तर झाला असता का? ज्याच्या त्याच्या डोक्यावर त्याची पायरी बांधलेली असायची. त्यामुळे मला सगळे फेटे कपाटात गेले याचं फारसं दुःख नाही.

शिवाय एक प्रश्न. शिखांना हेल्मेटमधून सूट आहे. मग मी रोज फेटा बांधून स्कूटर चालवली तर मला का नाही? कायदा सगळ्यांना सारखा हवा.

वीणेकरी

सरळमार्गी यांचा जातीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, तो झाकू नये. मी वारकरी घरातला, म्हणून इतकंच जोडतो की दिंडीत चालताना सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पांढरं असतं. त्यामागे हेच दुःख असणार.

मूळ विषयात एक सुंदर गोष्ट राहिली ती सांगतो. गुरु ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. २०१५ साली पंजाबातल्या घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा सगळीकडे लिहूनही आलं. पण त्यातलं तिलंग रागातलं एक पद क्वचितच कोणी सांगतं. त्यात नामदेव म्हणतात, "खूबु तेरी पगरी, मीठे तेरे बोल". तुझी पगडी किती सुरेख, तुझं बोलणं किती गोड! आणि हे कोणाला? देवाला. द्वारकेत मुघल कुठून आला, असं पुढे विचारतात. म्हणजे समोर परक्या वेशातला, पगडी बांधलेला माणूस उभा आहे आणि नामदेवांना त्याच्यात आपला विठ्ठल दिसतोय. त्याच पदात "कुजा आमद, कुजा रफती" असे फारसी शब्दही आहेत, कुठून आलास, कुठे चाललास. विठ्ठलाशी फारसीत बोलणारा आपला शिंपी!

पंढरपुरात रात्री शेजारतीच्या वेळी विठोबाला पागोटं बांधतात. ज्यांनी शेजारती पाहिली आहे त्यांना ते रूप ठाऊक असेल. दिवसभराचा मुकुट, दागिने उतरतात आणि देव घरच्या माणसासारखा दिसतो. नामदेवांनी "खूबु तेरी पगरी" म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हे रूप असेल का, असं मला नेहमी वाटतं. पुरावा काही नाही, भक्ताचं वाटणं आहे.

निंबोणी

वीणेकरी, अंगावर काटा आला. हे पद मला अजिबात माहीत नव्हतं.

हजूरी

मी इथे बरीच वर्षं नुसता वाचतो, आज लिहितो. मी नांदेडचाच, दख्खनी शीख. आमच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या. घरात पंजाबी कमी, दख्खनी हिंदी आणि मराठी जास्त. दहावीला मराठीत मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, तरी अनोळखी माणूस पहिलं वाक्य माझ्याशी हिंदीतच बोलतो.

सरळमार्गी भाऊंचा जातीचा मुद्दा वाचला. त्यावरच सांगतो, कारण आमच्या दस्तारीचा जन्मच तिथला आहे. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला दशमेश गुरूंनी, म्हणजे दहावे गुरु गोबिंदसिंघ यांनी, खालसा पंथ सजवला. पहिले पाच जण कोण होते बघा. लाहोरचे खत्री, हस्तिनापूरचे जाट, जगन्नाथपुरीचे पाणी भरणारे, द्वारकेचे छिंबे म्हणजे शिंपी-रंगारी, आणि पाचवे भाई साहिब सिंघ, बिदरचे न्हावी. बिदर आमच्या नांदेडपासून किती लांब आहे? लोकांचे केस कापायचं काम ज्याच्या वाट्याला आलं होतं, त्याच्या डोक्यावर केस राखले गेले आणि वर दस्तार बांधली गेली. पाचही जण एका बाट्यातून, म्हणजे एकाच लोखंडी भांड्यातून, अमृत प्याले, पाचही जण सिंघ झाले. तुम्ही म्हणता डोक्यावर पायरी बांधलेली असायची, ते बरोबर. सरदार म्हणजे ज्याच्या डोक्याला मान आहे तो. गुरूंनी ज्याला त्याला सरदार करून टाकलं. पागोटं काढून टाकूनही समानता आणता येते, गुरूंनी ती सगळ्यांना बांधून आणली.

अनेकांना वाटतं दस्तार हा पाच ककारांपैकी, म्हणजे खालसाच्या पाच खुणांपैकी एक. नाही. पाच म्हणजे केश, कंगा, कडा, कच्छेरा, किरपाण. पण केश आहेत म्हणून कंगा आहे आणि केश आहेत म्हणून दस्तार आहे. केश देवाने दिले तसे ठेवायचे, रोज विंचरायचे, झाकायचे. गुरुबाणीत पाचव्या गुरूंचे शब्द आहेत, "साबत सूरति दस्तार सिरा". अखंड राखलेलं रूप हीच डोक्याची दस्तार. रहतमर्यादेप्रमाणे, म्हणजे आमच्या आचारनियमांप्रमाणे, पुरुषाला दस्तार हवीच. बाईने बांधायची की नाही ते तिच्या मर्जीवर. माझी मोठी मुलगी बांधते, धाकटी नाही बांधत.

हेल्मेटचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच लिहिलंय की दस्तार बांधलेल्या शीख चालकाला ही सक्ती नाही. सवलत मागून घेतली असं वाटतं लोकांना. भाऊ, आमचे लोक दोन्ही महायुद्धांत गोळ्यांखाली दस्तार बांधून लढले, लोखंडी टोप दिला तरी घातला नाही. ते बरोबर की चूक यावर आमच्यातही घरोघरी वाद होतात. मी स्वतः माझ्या पोराच्या गाडीच्या काळजीने रात्री जागतो. पण निवड त्याची आहे. तुम्ही फेटा आज बांधला, उद्या नाही बांधला तर तुमचं काही मोडत नाही. माझ्या पोराने एका दिवसासाठी काढली तर त्याचं अमृत घेताना दिलेलं वचन मोडतं. कायद्याने तेवढंच बघितलंय.

एक शेवटचं. लग्नातले काका कोण असतील याचा मला अंदाज आहे, नाव घेत नाही. त्यांनी पोराचे हात धरले आणि कापड कपाळाला लावलं, हे वाचून डोळे भरले. दस्तारीला दुसऱ्याचा हात लागणं आमच्यात फार मोठी गोष्ट आहे. १९८४ च्या शीखविरोधी दंगलीत माझ्या आत्याचे यजमान दिल्लीत होते. शेजाऱ्यांनी त्यांना लपवलं, पण केस कापायला लागले. जीव वाचला. त्यानंतर ते अठरा वर्षं जगले. आरशासमोर उभं राहून दाढी परत वाढवली, केस वाढवले, दस्तार बांधली, पण कुणी मागून अचानक जवळ आलं की दोन्ही हात डोक्यावर जायचे.

गोदाकाठ

हजूरी पाजी, काय लिहू? धागा काढला तेव्हा तुम्ही लिहाल असं वाटलं नव्हतं. साहिब सिंघ बिदरचे, हे शाळेच्या सहलीत नांदेडच्या तख्त सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो तेव्हा कधीतरी ऐकलं असणार, पण आज कळलं.

सरळमार्गी

हजूरी, मनापासून आभार. हेल्मेटचं मी पटकन बोललो. कायद्यापुढे समानता हवी या मतावर आहे, पण तुमच्या शेवटच्या परिच्छेदानंतर तो वाद इथे वाढवायचा नाही. बिदरच्या न्हाव्याचं वाचून थांबलो होतो. पायरी पुसण्यासाठी प्रत्येकाला पागोटं द्यायचं, ही वाट आपल्याकडे कोणाला का सुचली नाही, याचा विचार करतोय.

सातासमुद्रापार

मी लेस्टरला असते, लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली. इथे दस्तारीसाठी लोक किती झगडलेत ते थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे हे फारसं कोणाला माहीत नाही.

आमच्यापासून तासा-दीड तासावर वुल्व्हरहॅम्प्टन आहे. १९६७ साली तिथे तरसेम सिंग संधू नावाचे बसचालक आजारपणानंतर दाढी राखून, दस्तार बांधून कामावर आले तर त्यांना घरी पाठवलं. गणवेशात बसत नाही म्हणून. दोन वर्षं मोर्चे निघाले, इथून तिथून शीख माणसं आली, दिल्लीतही निदर्शनं झाली, तेव्हा १९६९ मध्ये बंदी उठली. १९७६ साली मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट देणारा कायदा झाला. मग बर्मिंगहॅममधल्या एका खासगी शाळेने दस्तार काढ आणि केस काप, तरच प्रवेश, असं एका मुलाला सांगितलं. ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८३ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला. आज इथे शाळेत काळी किंवा निळी पटका, म्हणजे मुलांची छोटी दस्तार, बांधून मुलं सहज जातात, त्यामागे हे सगळं आहे.

आणि मग २००१. अकरा सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोलपंपावर गोळ्या घातल्या. दस्तार बघून कोणीतरी त्यांना भलतंच समजलं. त्या आठवड्यात आमच्या समोरच्या घरातल्या पंजाबी बाईने मुलाला चार दिवस शाळेत पाठवलं नाही. पाचव्या दिवशी ती स्वतः त्याच्याबरोबर चालत गेली. मी माझ्या मुलाला घेऊन दुसऱ्या बाजूने चालले. त्या पोराची पटका त्या दिवशी नारिंगी रंगाची होती. बाईला विचारलं, आज असा उठून दिसणारा रंग का? म्हणाली, लपायचं असतं तर बांधलीच नसती.

आपल्याकडे "बारा वाजले" म्हणून सरदारजींना चिडवायची जी सवय आहे ती माझ्या घरात मी तेव्हापासून बंद केली आहे. इथल्या मराठी मंडळातही कोणी बोललं तर तिथल्या तिथे सांगते.

हजूरी

ताई, तुम्ही दुसऱ्या बाजूने चाललात ना, तेवढं पुष्कळ आहे. वाहेगुरू तुमचं भलं करो.

खाम_नदी

थोडं आमच्याकडचं. मी संभाजीनगरचा, घर मुस्लिम. दस्तार हा शब्द फारसीतला, आमच्याकडेही तोच आहे. मुलगा कुराण पाठ करून हाफिज झाला की मदरशात दस्तारबंदी होते. उस्ताद सगळ्यांसमोर त्याच्या डोक्याला पांढरा अमामा बांधतात. माझ्या चुलतभावाची झाली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, कापड डोक्यापेक्षा मोठं. बांधून झाल्यावर उस्तादांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर तसेच दाबून ठेवले, बराच वेळ. भाऊ सांगतो की त्या हातांचं वजन अजून जाणवतं. म्हणजे गोदाकाठ म्हणतात तसा हा मान दुसऱ्याने दिलेला, पण दुसऱ्या दिवसापासून नेम त्याचा. पाठ केलेलं विसरायचं नाही, रोज उजळणी करायची. दोन्ही एकाच कापडात आले की!

जोतिबाचा_गुलाल

खामभाऊ, एकदम बरोबर. आमच्या भागात बापाच्या तेराव्याला बांधलेला फेटा असाच असतो. बांधतो मामा, निभावायचं आपण. कर्ज, बहिणीचं लग्न, आईचं औषध, सगळं त्या दिवसापासून त्या डोक्यावर. म्हणून आमचे वडील तेराव्याच्या फेट्याचे पैसे घेत नव्हते. मीही घेत नाही.

निंबोणी

एक विचारू का? गुढीपाडव्याला शोभायात्रेत आम्ही बायका फेटे बांधून बुलेटवर निघतो. डोंबिवलीत मी स्वतः सहा वर्षं जातेय. इथलं सगळं वाचल्यावर मनात प्रश्न आला की आपण ते फक्त फोटोपुरतं करतो का. पण पहिल्या वर्षी फेटा बांधला तेव्हा पाठ आपोआप ताठ झाली होती, हेही खरं. आजी म्हणाली होती, "आमच्या डोक्यावर पदर होता, तुझ्या डोक्यावर तुरा आला." ती ते आनंदानेच म्हणाली होती.

जोतिबाचा_गुलाल

ताई, बिनधास्त बांधा. फक्त या पाडव्याला दुसऱ्याकडून बांधून घेऊ नका, स्वतः शिका. एक टोक गुडघ्याखाली दाबून ठेवायचं आणि सराव करायचा, आठ दिवसांत हात बसतो. सुरुवातीला कडक खळीचं कापड घेऊ नका, मऊ सुती घ्या, घसरत नाही.

वीणेकरी

भाषेतही पाहा किती उरलंय. आश्चर्य वाटलं की फेटे उडाले. बाजू बदलली की पगडी फिरवली. हरलेला माणूस पागोटं दुसऱ्याच्या पायावर ठेवायचा. मुंबईत खोली घ्यायची तर पगडी द्यायची, ती कापडाची नव्हे, नोटांची. पंजाबात १९०७ साली शेतकरी शेतसाऱ्याच्या आणि जमिनीच्या कायद्यांविरुद्ध उठले, भगतसिंगांचे चुलते अजितसिंग त्यात पुढे होते. त्या चळवळीचं नावच पडलं "पगडी संभाल जट्टा". जमीन जातेय, तर पगडी सांभाळ! आपल्या शेतकऱ्याला हे भाषांतराशिवाय कळतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा काढताना मनात राग होता, मावसभावावर कमी आणि स्वतःवर जास्त. आता तो बराच निवळलाय. पहिल्या पोस्टमधली माझी मान आणि नेमाची विभागणीही गुलालभाऊ आणि खामभाऊंनी मोडून काढली, ते बरं झालं.

पुढचं कळवतो. मावसभावाला हा धागा वाचायला दिला. दोन दिवस काही बोलला नाही. काल रात्री त्याने काकांना फोन लावला. माफी मागायला सुरुवात केली तर काकांनी त्याचं बोलणं मध्येच थांबवलं. म्हणाले, "ते जाऊ दे. लग्नातलं ते भगवं कापड माझ्याकडंच राहिलंय. कुणी परत मागितलं नाही, मी गडबडीत घेऊन आलो. त्या पोराच्या मालकाने त्याच्या पगारातून कापलं असेल. ते पोचवायची सोय कर आधी."

आज सकाळी भावाचा नांदेडहून फोन होता. काकांनी ते कापड धुऊन, वाळवून ठेवलंय. आणि घडी घालायला भिंतीपलीकडून हाक मारून माझ्या पुतण्याला बोलावून घेतलं. तो नऊ वर्षांचा आहे. पूणी कशी करतात ते त्याला माहीत नव्हतं, काकांनी शिकवली. भगव्या फेट्याची पूणी. तो सांगत होता की कापड खूप लांब होतं, त्याला मागे सरकत सरकत पार फाटकापर्यंत जावं लागलं.